मत असणं आणि मत देणं: बाहेरच्यांनी आपल्या निवडणुकीत बोलावं का?

२०२४ चा मे महिना, ऐरोलीत नुसता घाम, पंखा पाचवर ठेवला तरी गरम हवाच फेकतोय, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर एडिसनच्या दादाचा मेसेज येतो. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत, आता पासपोर्ट पण तिकडचाच. २० मेला ठाण्याचं मतदान होतं (ऐरोली आणि बेलापूर पण ठाणे लोकसभेतच येतात, हे आमच्या इकडे बऱ्याच जणांना मतदानाच्या दिवशीच कळतं) आणि दादाने कुणाला मत द्यायचं, का द्यायचं, नाही दिलं तर देशाचं काय होईल, सगळं एकदम मुद्देसूद लिहून पाठवलं होतं. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, कमी बोलतात. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, "आधी इकडे येऊन सव्वानऊच्या ठाणे लोकलला चढून दाखव, मग सांग." झालं, आत्या रुसली, तीन दिवस तिचे गुड मॉर्निंगचे फोटो बंद.

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. दादा मूर्ख नाही, बाहेर राहून त्याला काही गोष्टी आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतात. आणि बाबांचंही बरोबर, परिणाम भोगायचे आम्ही आणि सल्ला द्यायचा याने? मी काही राजकारणशास्त्र शिकलेलो नाही, माईंडस्पेसला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, पण टेस्टिंगवाल्याला एक सवय असते की बग दिसला की तो नक्की कुठल्या स्टेपला येतोय ते सुट्टं करून बघायचं. तसंच या प्रश्नाचं केलं, बरंच वाचलं, आणि जे समजलं ते सांगतो.

निम्मा घोळ आपल्याच भाषेतल्या एका शब्दाने करून ठेवलाय. "माझं मत असं आहे की" यातलं मत, आणि "मी सकाळी सातलाच मत देऊन आलो" यातलं मत, शब्द एकच. इंग्रजीत ओपिनियन वेगळं, व्होट वेगळं, त्यामुळे त्यांची गल्लत होत नाही, आपली होते. परदेशी माणसाच्या मताला किंमत असावी का असं विचारलं की एकाला वाटतं बाहेरच्यांना मतदान करू द्यायचं का असं विचारतायत, तो भडकतो, दुसऱ्याला वाटतं बाहेरच्यांचं ऐकायचं का असं विचारतायत, तो म्हणतो ऐकायला काय जातंय. आणि मग दोघं दोन वेगळ्याच विषयांवर तासभर भांडतात.

मतदानाचं आधी उरकून टाकू, कारण त्यात फार गुंतागुंत नाहीये. घटनेचं कलम ३२६ सांगतं की मतदार हा भारताचा नागरिक पाहिजे आणि १८ वर्षांचा पाहिजे (१९८९ च्या आधी २१ होतं). आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, अमेरिकन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपलं. दादाकडे ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड आहे, त्याच्या नावातच सिटिझन शब्द आहे म्हणून त्याला बरीच वर्षं वाटायचं आपण अर्धे तरी नागरिक आहोत. नाही. ते कार्ड म्हणजे आयुष्यभर ये-जा करायची परवानगी, बाकी मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, मुरबाडला शेतजमीन घ्यायची म्हटली तर ती पण नाही.

हे कठोर वाटतं, पण आपल्या सोसायटीत आपण रोज हेच करतो. आमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू सात वर्षांपासून राहतायत, गणपतीची वर्गणी पहिली त्यांची, लिफ्ट बंद पडली की पहिला फोन त्यांचा, पण कमिटीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. मत फ्लॅट मालकाला, आणि मालक बसलाय बाणेरला, त्याला लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे ते पण माहीत नाही. अन्याय वाटतो ना? मलाही वाटतो. पण कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि कुठेही मारली तरी कुणीतरी चुकीच्या बाजूला राहतोच. सोसायटीचं उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पैसा. मत वेगळं आणि पैसा वेगळा, पण परदेशी मत लोकांना सलतं ते मुळात पैशामुळे. आपल्याकडे "परदेशी हात" हा शब्द इंदिरा गांधींच्या काळात इतका वापरला गेला की त्याचा विनोद झाला, पण सगळाच विनोद नव्हता. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हे १९७३ ते ७५ भारतात अमेरिकेचे राजदूत होते, त्यांनी नंतर आठवणीत लिहिलं की सीआयएने काँग्रेसला दोनदा पैसे दिले होते, केरळात आणि बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखायला. काँग्रेसने ते नाकारलं. रशियाच्या केजीबीबद्दल पण असेच दावे बरेच वर्षांनी बाहेर आले. म्हणजे शीतयुद्धात दोन्ही बाजूंना आपल्या निवडणुकीत रस होता.

यावर उपाय म्हणून १९७६ ला, ऐन आणीबाणीत, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आला. पक्षाने, उमेदवाराने बाहेरचा पैसा घ्यायचा नाही. २०१० ला त्या जागी नवा कायदा आला, नियम तोच. आणि आता गंमत बघा. २०१४ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की भाजप आणि काँग्रेस दोघांनीही एका ब्रिटिश कंपनीच्या इथल्या उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडलाय. मग काय झालं, शिक्षा? नाही. २०१६ च्या बजेटच्या बिलात "परदेशी" या शब्दाची व्याख्याच सैल केली, आणि २०१८ ला ती सवलत मागच्या तारखेने, थेट १९७६ पासून, लागू केली. संसदेत त्यावर चर्चा सुद्धा झाली नाही. दोन मोठ्या पक्षांचं इतकं गाढ एकमत मी दुसऱ्या कुठल्या विषयावर बघितलेलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी टीव्हीवर परदेशी शक्तींच्या नावाने बोटं मोडायला लागला की हे आठवायचं.

तिसरी गोष्ट प्रचार. एप्रिल २०१९ मध्ये बांगलादेशचा नट फिरदौस अहमद पश्चिम बंगालमधल्या रायगंजला तृणमूलच्या उमेदवाराच्या रोड शोमध्ये फिरला. आला होता बिझनेस व्हिसावर. केंद्राने व्हिसा रद्द केला, देश सोडायला सांगितलं. बंगाली भाषा तीच, त्याचे सिनेमे तिकडेही चालतात, लोकांना तो परका वाटला नसेल, पण कायद्याला वाटला. मला हे योग्य वाटतं, व्हिसा ज्या कामासाठी दिलाय तेच काम करावं.

म्हणजे बाहेरच्याने मतदान करायचं नाही, पैसा द्यायचा नाही, इथे येऊन माईक हातात घ्यायचा नाही, एवढं ठरलं. राहिलं काय, तर नुसतं मत. आपल्या घरी बसून आपल्याला काय वाटतं ते सांगणं. आणि खरी मजा इथेच आहे, कारण याला कायदा नाही, आणि याचा परिणाम बहुतेक वेळा उलटा होतो.

सगळ्यात भारी किस्सा २००४ चा. अमेरिकेत बुश विरुद्ध केरी, इराक युद्ध सुरू, ब्रिटिश सैनिक पण त्यात गेलेले, आणि लंडनच्या गार्डियन पेपरला वाटलं की अमेरिकेचा अध्यक्ष सगळ्या जगाचं बरंवाईट ठरवतो तर जगाला काहीतरी बोलता आलं पाहिजे. मुद्दा तसा चुकीचा नाही. मग त्यांनी ओहायो राज्यातली क्लार्क काउंटी निवडली, काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, कारण तिथे २००० साली केरीच्याच पक्षाचा गोर बुशच्या फक्त ३२४ मतांनी पुढे होता, म्हणजे काठावरची जागा. तिथली मतदार यादी विकत घेतली, २५ डॉलरला, आणि आपल्या वाचकांना एकेका मतदाराचं नाव-पत्ता वाटला, की यांना हाताने पत्र लिहा, सभ्यपणे समजावा. हजारो वाचकांनी नावं घेतली. त्यात मोठमोठे लेखक, ऑक्सफर्डचे प्रोफेसर.

आता कल्पना करा, तुम्ही घणसोलीत राहता, संध्याकाळी कामावरून आलात आणि लेटरबॉक्समध्ये लंडनच्या कुठल्या तरी अनोळखी बाईंचं पत्र, "प्रिय मतदार, आपण कृपया विचार करून..." पहिला प्रश्न काय पडेल? हिला माझा पत्ता कुणी दिला! तिकडच्या लोकांनाही तेच वाटलं, शिव्यांची पत्रं परत लंडनला गेली, बाकीच्यांनी विचारलं की तुमच्यापासून सुटका व्हावी म्हणूनच आम्ही स्वातंत्र्ययुद्ध केलं ना, मग आता काय? गार्डियनने उपक्रम गुंडाळला. निकाल लागला तेव्हा ओहायोत २००० ला गोरकडे असलेल्या काउंट्यांपैकी एकच बुशकडे गेली, ती क्लार्क, सोळाशेच्या आसपास मतांनी. पत्रांमुळेच गेली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि अख्ख्या ओहायोत बुश लाखाहून जास्त मतांनी पुढे होता, त्यामुळे तेवढ्याने इतिहास बदलला नाही. पण मदत नक्कीच झाली नाही. आपल्याकडे म्हण आहेच, घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. केरीची अवस्था तशीच झाली असणार.

असं आधीही झालंय. १९४६ ला अर्जेंटिनात पेरॉन उभा होता, अमेरिकेला तो नको होता, तिथे आधी राजदूत असलेल्या स्प्रुइल ब्रेडनने मतदानाच्या दोनेक आठवडे आधी पेरॉनचे नाझींशी कसे संबंध आहेत याची मोठी पुस्तिका सरकारतर्फे छापली. पेरॉनने काय केलं, विरोधी उमेदवाराला सोडून दिलं आणि भिंतींवर घोषणा लावली: "ब्रेडन की पेरॉन". मतदारासमोर आता अर्जेंटिनाचा माणूस विरुद्ध अमेरिकेचा साहेब. निवडून आला पेरॉन. २०१६ च्या एप्रिलमध्ये ओबामा लंडनला जाऊन म्हणाले, युरोपियन युनियन सोडलंत तर आमच्याशी व्यापार करार करायला रांगेत शेवटी उभं राहावं लागेल, आणि दोन महिन्यांनी ५१.९ टक्के ब्रिटिशांनी सोडायलाच मत दिलं. कॅनडाचं तर परवाचंच, २०२५. जानेवारीत लिबरल पक्ष सर्व्हेंमध्ये वीसेक टक्क्यांनी मागे, संपल्यात जमा, ट्रम्प उठसूट म्हणायला लागले की कॅनडा आमचं ५१ वं राज्य झालं पाहिजे, आणि २८ एप्रिलला तोच लिबरल पक्ष कार्नींच्या नेतृत्वाखाली सत्तेत, विरोधी नेते पॉलिएव्ह स्वतःची सीट हरले. मधल्या काळात लिबरलचे आधीचे पंतप्रधान ट्रुडो पायउतार झाले होते हे पण कारण आहेच, पण ट्रम्प बोलले नसते तर एवढं उलटं-पालटं झालं असतं असं मला नाही वाटत.

कारण मानवी आहे, त्याला पीएचडी लागत नाही. सोसायटीत दोन भाऊ गाडीच्या पार्किंगवरून भांडत असतात, शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी येऊन एकाची बाजू घेतो, आणि दोन मिनिटांत दोघं भाऊ मिळून सेक्रेटरीवर तुटून पडतात.

पण थांबा, दरवेळी असं होत नाही, आणि जिथे होत नाही तिथून जास्त शिकायला मिळतं. इटली, एप्रिल १९४८. कम्युनिस्ट जिंकतील अशी भीती होती. अमेरिकेने तीन गोष्टी केल्या. सीआयएने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुपचूप पैसे दिले, हे पुढे सीआयएच्याच माणसांनी सांगितलं. परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी उघड सांगितलं की कम्युनिस्ट आले तर आमची मदत बंद, आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाला गहू-कोळसा तिकडूनच येत होता. आणि तिसरी गोष्ट, अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांना सांगितलं की गावाकडे पत्रं लिहा. लाखो पत्रं गेली. काकाने पुतण्याला, बहिणीने बहिणीला. ख्रिश्चन डेमोक्रॅट दणक्यात जिंकले, ४८ टक्क्यांच्या वर मतं.

क्लार्क काउंटीला पण पत्रं, इटलीला पण पत्रं. एकीकडे चिडले, दुसरीकडे ऐकलं. फरक काय? लंडनच्या बाईंचं त्या मतदाराशी काही नातं नव्हतं. न्यूयॉर्कचा काका मात्र दर महिन्याला पैसे पाठवत होता, त्याने पाठवलेल्या कोटावर हिवाळा निघत होता, त्याचं वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती. (आणि तो काका स्वतःहून लिहीत होता की कुणीतरी छापलेला मजकूर खाली सही करून पाठवत होता? बरीचशी पत्रं तयार मसुद्यावरचीच होती. फॉरवर्ड हा प्रकार आपण समजतो तेवढा नवीन नाही.)

डोव्ह लेव्हिन नावाच्या अभ्यासकाने हे सगळं मोजायचा प्रयत्न केलाय. १९४६ ते २००० या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ/रशिया या दोघांनी मिळून दुसऱ्यांच्या राष्ट्रीय निवडणुकांत ११७ वेळा ढवळाढवळ केली, त्यातल्या ८१ वेळा अमेरिकेने आणि ३६ वेळा रशियाने. साधारण दर नऊ निवडणुकांतली एक. आणि ज्याला मदत केली त्याची मतं सरासरी ३ टक्क्यांनी वाढली, काठावरच्या निवडणुकीत ३ टक्के म्हणजे सगळंच. शिवाय त्याला असं आढळलं की उघड केलेली ढवळाढवळ लपून केलेल्यापेक्षा जास्त लागू पडते. म्हणजे माझी "लोक चिडतातच" ही थिअरी अर्धीच खरी. पण त्याने मोजलंय ते पैसा, धमक्या, आश्वासनं हे, नुसतं मत नाही. आणि जिथे आतला कुणीतरी पक्ष बाहेरच्यांना कुठे बोलायचं कुठे गप्प बसायचं ते सांगतो, तिथे ते चालतं. ओहायोच्या पत्रांबद्दल आतल्या कुणाला विचारलंच नव्हतं.

आता मुखवट्याची गोष्ट. क्लार्क काउंटीला पत्र लिहिणाऱ्या बाईंनी खाली आपलं नाव घातलं होतं, लंडनहून लिहितेय हे सांगितलं होतं, म्हणूनच तर समोरच्याला चिडायची संधी मिळाली. २०१६ ला सेंट पीटर्सबर्गमधल्या इंटरनेट रिसर्च एजन्सी नावाच्या ऑफिसात बसून माणसं शिफ्टमध्ये काम करत होती, आपल्या बीपीओसारखीच, फक्त काम होतं अमेरिकन असल्याचं सोंग करून फेसबुकवर लिहिणं. कुणी टेक्सासचा देशभक्त, कुणी कृष्णवर्णीय कार्यकर्ता. त्यांनी खऱ्याखुऱ्या सभा पण भरवल्या, अमेरिकेतले खरे लोक तिथे गेले, बोलावणारा रशियात बसलाय याचा पत्ता नाही. फेसबुकच्याच अंदाजाने १२.६ कोटी लोकांपर्यंत ते पोचलं असू शकतं. त्याने किती मतं फिरली हे कुणी छातीठोक सांगत नाही. रुमानियात तर २०२४ च्या डिसेंबरमध्ये घटनात्मक कोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरीच रद्द केली, कारण टिकटॉकवर एका उमेदवाराला वर आणण्यात रशियाचा हात असल्याचा संशय होता, मे २०२५ ला पुन्हा मतदान घेतलं. हे बरोबर केलं का यावर तिकडे अजून वाद आहे, आणि असायलाच पाहिजे, कारण लोकांनी दिलेली मतं कोर्टाने पुसणं ही पण साधी गोष्ट नाही.

माझ्या दृष्टीने खरी रेघ देशी-परदेशी अशी नाहीच, बोलणारा आपल्या नावाने बोलतोय की दुसऱ्याच्या, ती आहे. दादा ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहितो, त्याचं मत मी हवं तेवढं वजा करून घेऊ शकतो, हा एडिसनला बसलाय, याला वाशीच्या टोलनाक्याची रांग माहीत नाही, पण डॉलर-रुपयाचं याला कळतं. मुखवटा घातलेल्याचं मत वजा करता येत नाही, कारण किती वजा करायचं तेच कळत नाही.

मग ऐकायचं का? इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध खेचतात.

एक म्हणजे, ज्याच्यावर परिणाम होतो त्याला बोलता आलं पाहिजे. आमच्या सोसायटीचं पावसाळी पाणी मागच्या सोसायटीच्या कंपाउंडमधून जाणाऱ्या गटारात जातं. आमची कमिटी आळशी निघाली तर तुंबतं त्यांच्या पार्किंगमध्ये. आमच्या निवडणुकीत त्यांना मत नाही, पण त्यांचा सेक्रेटरी येऊन म्हणाला की बाबांनो कुणालाही निवडा पण गटाराचं बघणारा निवडा, तर तो चोंबडेपणा आहे का? नाही ना. देशांचं पण तसंच आहे. २०१४ ची लोकसभा निवडणूक सुरू असताना १ मेपासून युरोपियन युनियनने आपल्या आंब्यावर बंदी घातली, फळमाशी सापडली म्हणून, आणि वाशीच्या मार्केटला निर्यातीचा हापूस इकडेच विकायची वेळ आली, ज्यांनी बंदी घातली त्यांना रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराने निवडून दिलं नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्के टॅरिफ लावलं, सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जाला १ लाख डॉलर फी जाहीर केली, आमच्या फ्लोअरवर त्या दिवशी कुणी कोड बघत नव्हतं. त्यांचा अध्यक्ष कोण यावर ऐरोलीतल्या पोराचं लग्न ठरतं की मोडतं हे अवलंबून असेल तर त्या पोराला काही बोलावंसं वाटणारच.

दुसरी गोष्ट, ज्याचं जळतं त्याला कळतं. चुकीचा माणूस निवडला तर पुढची पाच वर्षं बाहेरचा भोगत नाही. दादाने सांगितलेला उमेदवार खराब निघाला तर दादाचं काय जातं, तो डिसेंबरला येतो, तीन आठवडे हुरडा-उंधियू खातो, जातो. चूक झाली तर किंमत मोजणारा जो असतो तोच जास्त विचार करतो, नेहमी नाही, पण सहसा. शिवाय बाहेरचा त्याच्या फायद्याचं सांगतो, त्यात वाईट काही नाही, गटारवाला सेक्रेटरी पण स्वतःच्या पार्किंगचंच बघतोय, फक्त त्याच्या फायद्याला आपण आपला फायदा समजू नये.

म्हणून मी असं करतो: बाहेरच्याने "यांना निवडलंत तर आम्ही असं असं वागू" किंवा "तुमच्याकडचं हे आम्हाला असं दिसतं" एवढं सांगितलं तर ती माहिती, ती घ्यायची, तपासायची. "यांना निवडा" म्हणाला की तिथे ऐकणं बंद.

शेअर बाजार हे पण एक परदेशी मतच आहे, कुणी तसं म्हणत नाही म्हणून. ४ जून २०२४ ला मतमोजणीच्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला, चॅनलवाल्यांचे चेहरे असे की जणू युद्ध हरलो, विदेशी गुंतवणूकदारांना निकाल आवडला नाही वगैरे. तीन दिवसांनी, ७ जूनला, तोच सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला, तोपर्यंतचा सगळ्यात वरचा आकडा. त्या मताची मुदत तीन दिवसांची निघाली. ४ तारखेला घाबरून एसआयपी बंद करणारा माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, त्याला विचारा.

आणि सरकारांचं म्हणाल तर दुसऱ्याने आपल्यात बोललेलं कुणालाच खपत नाही आणि आपण दुसऱ्याकडे बोललेलं आठवत नाही. मार्च २०२४ मध्ये, निवडणूक जाहीर झालेली असताना केजरीवालांना अटक झाली, त्यावर जर्मनी आणि अमेरिका बोलले, तर आपल्या परराष्ट्र खात्याने दोघांच्याही अधिकाऱ्यांना बोलावून सुनावलं. नियमाने ठीकच, राजनैतिक संबंधांचा १९६१ चा व्हिएन्ना करार सांगतो की दूतावासाच्या लोकांनी यजमान देशाच्या अंतर्गत बाबतीत लुडबुड करू नये. पण सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनमध्ये पन्नासेक हजार लोकांसमोर, ट्रम्प शेजारी असताना, आपल्या पंतप्रधानांच्या तोंडून "अब की बार ट्रम्प सरकार" निघालं, तेव्हा जयशंकरांना सांगावं लागलं की ते ट्रम्प यांचीच जुनी घोषणा सांगत होते. असेल. ऐकणाऱ्या अमेरिकन माणसाने काय समजायचं ते समजला असेल.

शेवटी एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती आणि कळल्यावर मी दोनदा चेक केली. आमच्या टीममधल्या मॅडमची मुलगी लेस्टरला एमएस्सी करते, भारतीय पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा. तिने ४ जुलै २०२४ ला ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान केलं. कायदेशीर. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, साम्राज्याच्या काळापासून चालत आलेलं आहे, कुणी काढून टाकलं नाही. न्यूझीलंडमध्ये तर १९७५ पासून कुठल्याही देशाचा माणूस कायमचा रहिवासी झाला की मतदान करू शकतो. म्हणजे परदेशी माणसाला मत द्यायचं नाही हा काही निसर्गनियम नाही, रेघ कुणी पासपोर्टवर मारलीय, कुणी राहण्यावर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना न्यूझीलंडच्या नियमाने मत मिळालं असतं.

आणि त्याच मुलीला त्याच वर्षी २० मेला ठाण्यात मत देता आलं नाही. ती भारताची नागरिक, तिचा हक्क पूर्ण. पण परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आपल्याकडे मतदान करायचं असेल तर नाव नोंदवता येतं, २०१० च्या दुरुस्तीपासून, फक्त मतदानाच्या दिवशी स्वतः पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदान केंद्रावर हजर पाहिजे. २०२४ ला अशी १,१९,३७४ नावं यादीत होती. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० एकट्या केरळात, आखातातून केरळला जाणं तुलनेने जवळचं आणि तिकडे त्यासाठी लोक ग्रुपने येतात. उरलेल्या अख्ख्या देशात मिळून तीनशे पण नाहीत. आपण बाहेरच्यांच्या मतावर एवढं रान उठवतो आणि बाहेर बसलेल्या आपल्याच माणसाच्या मताला विमानाचं तिकीट लावून ठेवलंय, यावर मात्र कुणी डिबेट घेत नाही.

दादाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०२४, तिकडे ५ तारखेला अध्यक्षाची निवडणूक, इकडे २० ला विधानसभेची. दादाने ग्रुपवर सहज टाकलं, "बोला मंडळी, कुणाला देऊ?" बाबांनी चष्मा शोधला, खुर्ची गॅलरीत ओढली आणि एका बोटाने टाइप करायला बसले. चाळीस मिनिटं. व्हिसा, व्यापार, इराणचं तेल, माझी नोकरी, सगळं होतं त्यात, शेवटी कुणाला द्यायचं ते पण. दादाचं उत्तर लगेच आलं, "मामा, आधी जानेवारीत इकडे येऊन गाडीवरचा बर्फ खरवडून दाखवा, मग सांगा."

आत्याने हसणारी सहा तोंडं टाकली. बाबांच्या दोन निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर काही आलं नाही.